कठड्यावरचा हात

“डोनट आधी खाल्लास की काय रे?” ड्वेनने विचारलं. “उलटी झाली तर तुझी तूच पुसायची, आत्ताच सांगून ठेवतो.”

ब्रोडी हसला खरा, पण खात्यात तो नवा होता आणि आज पाळी त्याची होती. शाळेच्या जुन्या व्यायामशाळेत निळ्या गाद्या अंथरल्या होत्या आणि स्टोलहाइम गावचं अख्खं पोलीसखातं बूट काढून, मोज्यांवर गोल करून उभं होतं. अख्खं खातं म्हणजे तरी काय, एका टेबलाभोवती जेवायला बसेल एवढं. उत्तर डकोटातल्या गावाला याहून जास्त पोलीस लागतातच कशाला! थंडीच इतकी पडते की चोरसुद्धा घरी बसून कॉफी पितात.

खात्याचा रिवाज होता. नव्या माणसाने विजेचं पिस्तूल कमरेला लावायच्या आधी त्याचा झटका स्वतः खायचा. पाच सेकंद. दोघांनी दोन्ही बाजूंनी दंड धरायचे, म्हणजे गडी तोंडावर आपटत नाही, आणि झटका संपला की बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या. डोनटचं खोकं त्या दिवशी नव्या माणसानेच आणायचं. पिस्तूल पिवळ्या प्लास्टिकचं, म्हणून सगळे त्याला ‘पिवळी’च म्हणत. रस्त्यावर तिच्यातून तारेला बांधलेले दोन काटे सुटून माणसाच्या अंगात रुततात. इथे काटे नसत, नुसते चिमटे लावत. एक खांद्याला, एक कमरेच्या पट्ट्याला.

ही सगळी शिकवणी मार्लिस ट्वेटकडे होती. पन्नाशीला टेकलेली, रुंद हाडाची, बोलायला तुटक बाई. गाव तिला ओळखत होतं ते चिखलात रुतलेल्या गाड्या ढकलणारी आणि हरवलेली कुत्री घरपोच करणारी म्हणून. पण पिवळीच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. “मी खाल्लाय झटका,” असं ती प्रत्येक नव्याला सांगायची. “एकदा नाही, दरवर्षी खाते. त्यामुळे काय होतं ते मला कुणी शिकवू नये.”

त्या दिवशी ड्वेनला मस्ती सुचली. चिमटे लावताना त्याने दुसरा चिमटा पट्ट्याला न लावता ब्रोडीच्या डाव्या मनगटाजवळ, बाहीला लावला आणि मार्लिसकडे बघून डोळा मारला. ती म्हणाली, “ड्वेन, पोरकटपणा पुरे,” पण तोवर ब्रोडीचा डावा दंड धरून उभ्या असलेल्या गॅरीने “दाब गं, दाब, डोनट शिळे होतायत!” असा गलका केला आणि तिने चाप दाबला.

कडकड असा आवाज झाला. ब्रोडी ताठ झाला, दात आवळून कण्हला आणि त्याची डावी मूठ मिटली ती गॅरीच्या शर्टाच्या बाहीवर.

“अरे सोड! सोड लेका, नवा शर्ट आहे!” गॅरी ओरडला.

ब्रोडी सोडेना.

“सोड म्हणतोय ना! बायको जीव घेईल माझा!”

टर्रकन बाही खांद्यापासून फाटली. झटका संपला, ब्रोडी गादीवर बसला आणि त्याच्या मुठीत गॅरीची बाही. अशी हास्याची लाट उसळली की विचारू नका. आर्डन मो, त्यांचा चीफ, एरवी वर्षातून एकदा हसणारा माणूस, तोही भिंतीला टेकून डोळे पुसत होता.

“सोडत का नव्हतास रे गाढवा?” गॅरीने विचारलं.

“सोडतच होतो,” ब्रोडी म्हणाला. अजून धापा टाकत होता. “देवाशपथ. मी सोडतच होतो. हातच ऐकेना.”

परत हशा. मार्लिस तेवढी हसली नाही. ‘सोड’ हा शब्द, असाच ओरडून, असाच वरचेवर, तिने ऐकला होता. स्वतःच्या तोंडून ऐकला होता.

*

नोव्हेंबरातली गोष्ट. रविवारची दुपार. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमातून फोन आला की व्हर्लिन आसेन बायकोला चाकाच्या खुर्चीत घालून बाहेर घेऊन निघालाय आणि कुणाचं ऐकत नाहीये.

व्हर्लिन म्हणजे शाळेच्या बसचा ड्रायव्हर. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानेच शाळेत नेऊन सोडलेलं. मार्लिसलाही. तिच्या वडिलांचं शेत रस्त्यापासून आत होतं. हिमवादळात व्हर्लिन बस थांबवून दिवे चालू ठेवायचा आणि तिने घराचं दार उघडल्याचं दिसेपर्यंत हलायचा नाही. नाकासमोर चालणारा माणूस. सगळ्या आयुष्यात त्याने आवाज चढवला असेल तर तो बसमध्ये उभ्या राहणाऱ्या पोरांवर.

त्याची बायको लव्हॉन हिला सगळ्याचा विसर पडत चालला होता. मुलगा आठवत नव्हता, बहीण आठवत नव्हती. व्हर्लिन तेवढा आठवत होता. तो रोज बसची दुसरी फेरी संपली की तिच्याकडे जायचा, तिला सूप भरवायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. त्या रविवारी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. तिला एक दिवस घरी न्यायचं, ओट्याशी बसवून बटाट्याच्या पोळ्या लाटायच्या, एवढंच त्याच्या मनात होतं. डॉक्टर म्हणाले, थंडी फार आहे, ती पडलीय नुकतीच, न्यायचं नाही. तो म्हणाला, माझी बायको आहे, मी नेणार.

मार्लिस पोचली तेव्हा तो बाहेरच्या उतारावर होता. एक हात लोखंडी कठड्यावर, एक खुर्चीवर. लव्हॉन घोंगडीत गुंडाळलेली.

“व्हर्लिन, आत चला. थंडी बघा किती आहे.”

“गाडी गरम करून ठेवलीय पोरी. तू जा, तुझी कामं कर.”

तेवढ्यात आश्रमातल्या सेविकेने खुर्ची मागे ओढली. व्हर्लिनने कोपर झटकलं, सेविका बर्फावर घसरून पडली, गुडघा धरून ओरडायला लागली. आता मात्र मार्लिसला पर्याय नव्हता, म्हणजे तेव्हा तिला तसं वाटलं. तिने अटक करतेय म्हणून सांगितलं. त्याने खुर्चीचा ब्रेक लावला आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. “मी कुठेही येत नाही,” म्हणाला. तिने पिवळी काढली. एक काटा त्याच्या खांद्याच्या मागे लागला आणि तो वळला म्हणून दुसरा लागला डाव्या मनगटाच्या जरा वर.

“सोडा कठडा! सोडा म्हणते ना!”

उजवा हात सुटला. डावा नाही सुटला. पाच सेकंद संपले, हात तिथेच, म्हणून तिने लगेच दुसऱ्यांदा दाबलं. “व्हर्लिन, सोडा!” मग तिसऱ्यांदा. शेवटी तो गुडघ्यांवर बसला आणि तिने एकेक बोट उचलून त्याचा हात कठड्यावरून काढला. लव्हॉन खुर्चीतून ओरडत होती, “व्हर्लिन, चल ना घरी. व्हर्लिन!”

बेड्या घालताना तो काहीतरी पुटपुटला होता. जीभ जड झालेली. मार्लिसला तेव्हा वाटलं, शिव्या देतोय.

कोपर मारल्याचं व्हर्लिनने पहिल्या दिवशीच कबूल केलं, सेविकेची माफीही मागितली. सरकारी वकील त्याला म्हणाला, सांगूनही कठडा सोडला नाहीस, म्हणजे पोलिसाला विरोध केलास, तेही कबूल कर, किरकोळ दंडावर सुटशील. तो म्हणाला, “केला नाही, तर कबूल कसं करू?” आता गावात त्याला सगळे हटवादी म्हणत होते, पण खरं कारण वेगळं होतं. पोलिसाशी झटापट केल्याचं सिद्ध झालं की बस हातून जाणार. आणि त्याहून वाईट म्हणजे आश्रमाने सांगून टाकलं होतं, असा माणूस आम्हाला दारात नको, कधीच नको. खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्याला आत बंदी होतीच. सारा हिवाळा तो दुसरी फेरी संपवून आश्रमासमोर बस उभी करायचा, खिडकीकडे बघायचा आणि घरी जायचा.

खटला आज होता. दुपारी. साक्षीदार म्हणजे ती सेविका आणि मार्लिस.

*

“ड्वेन,” मार्लिस म्हणाली, “मला लाव.”

“तुझं झालं की गं मागच्या महिन्यात.”

“असं नाही. एक चिमटा खांद्याला, एक इथे.” तिने मनगटाच्या जरा वर बोट ठेवलं. मग ती भिंतीशी गेली. तिथे मुलांनी लटकायच्या लाकडी दांड्या होत्या. त्यातली कमरेएवढी दांडी तिने डाव्या हाताने धरली. “मला कुणी धरायचं नाही. तू दाबायचं आणि सोड म्हणून ओरडायचं. पहिलं संपलं की लगेच दुसरं दाबायचं.”

आता हसणं थांबलं. आर्डन भिंतीपासून सरळ झाला. “मार्लिस, हे काय नवीन?”

“काही नाही. मला सोडता येतं का ते बघायचंय.”

“न यायला काय झालं? तू दरवर्षी खातेस.”

“दरवर्षी माझे हात रिकामे असतात, आर्डन. तुम्ही दोघं मला दंडाला धरता. मी कधी काही धरलेलंच नव्हतं.”

त्यांच्यापैकी प्रत्येकाने झटका खाल्ला होता, प्रत्येकजण छातीठोकपणे सांगायचा की आम्हाला ठाऊक आहे कसं वाटतं ते. आणि प्रत्येकाने तो मऊ गादीवर, मित्रांच्या हातांत, रिकाम्या मुठींनी खाल्ला होता. माहेरपणाला आल्यासारखा!

ड्वेनने दाबलं. “सोड!” तो ओरडला, पण आवाजात जोर नव्हता. “सोड, मार्लिस!”

तिने सोडायचं म्हणून जिवाचं रान केलं. हात तिचा होता, रोज कॉफीचा मग धरणारा, आईची वेणी घालणारा. ती त्याला आतून ओरडून सांगत होती, उघड, उघड. तो तिच्या नाकावर टिच्चून आवळत गेला. पाच सेकंद संपले. मध्ये डोळा मिटण्याएवढी फट मिळाली, पण बोटं बधिर, आपली आहेत की परक्याची तेच कळेना. तोवर दुसरा झटका.

“सोड ना गं!” ड्वेनचा आवाज चिरकला आणि त्याने पिवळी खाली ठेवली.

मार्लिस दांडीला तशीच लटकून गुडघ्यांवर आली. ब्रोडी पुढे झाला आणि त्याने तिची बोटं एकेक करून उचलली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बोलायला गेली तर तिच्या तोंडून नुसती पुटपुट बाहेर पडली, आणि मग तिला लख्खकन कळलं. व्हर्लिन शिव्या देत नव्हता. ‘सोडतोय गं,’ म्हणत होता.

ती तिथेच गादीवर बसून रडली. खात्यात येऊन इतकी वर्षं झाली, पण कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. गॅरी एका बाहीच्या शर्टात उभा होता, त्याला कुठे बघावं ते समजेना.

*

आर्डनने तिला बाहेर गाडीशी गाठलं. माणूस वाईट नव्हता. तिच्या नवऱ्याच्या दफनाच्या वेळी त्याने स्वतः थडग्यापर्यंतची वाट फावड्याने मोकळी केली होती.

“काय बोलणार आहेस कोर्टात?”

“झालं ते.”

“झालं ते नोव्हेंबरात झालं. आज झाला तो खेळ. खेळातलं कोर्टात न्यायचं नसतं.” त्याने टोपी काढून परत घातली. “तू असं बोललीस तर वकील लोक मागची एकेक केस उकरतील. गावावर दावे लागतील. आणि शिकवणारी तू. सगळ्यांना तूच शिकवलंस. आधी तुझंच नाव येईल, पुढचं तर सोडच.”

“मग येऊ दे.”

“मार्लिस, कुणी विचारलं तरच सांग. एवढंच म्हणतोय. हात सोडला का? नाही. खोटं आहे का हे? नाही ना. मग अळीमिळी गुपचिळी. व्हर्लिनला न्यायाधीशबाई काही फासावर देणार नाहीत.”

“त्याला बायकोजवळ जाऊ देणार नाहीत, आर्डन. ती अजून त्याला ओळखत असेल-नसेल, कुणास ठाऊक.”

आर्डनने पार्किंगमधला काळा पडलेला बर्फ बुटाने उकरला. “कॉफी तरी घेऊन जा,” तो म्हणाला.

*

कोर्टात व्हर्लिन चर्चला घालायचा कोट घालून एकटाच बसला होता, वकील त्याने लावलाच नव्हता. मार्लिस आली तशी त्याने सवयीने मान हलवली, जशी तो बसच्या पायरीवर चढणाऱ्या प्रत्येक पोराला बघून हलवायचा. तिला तेच सहन झालं नाही. त्याने तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं.

सरकारी वकील तरुण होता, घाईत होता.

“तुम्ही आरोपीला कठडा सोडायला सांगितलंत?”

“हो.”

“पुन्हा पुन्हा सांगितलंत?”

“हो.”

“स्पष्ट आवाजात?”

“आश्रमातल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेलं असेल.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

“आणि त्यांनी सोडला?”

“डावा हात नाही.”

“धन्यवाद. एवढंच.” तो बसायला वळला.

मार्लिस उठली नाही. आर्डन शेवटच्या बाकावर होता, त्याची टोपी मांडीवर. आता उठलं तरी चालणार होतं. कुणी काही विचारलं नव्हतं. खोटं एक अक्षर ती बोलली नव्हती.

“मला आणखी सांगायचंय,” ती म्हणाली.

“प्रश्न नाहीये,” वकील म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “मग मी विचारते. काय सांगायचंय?”

“बाई, त्यांनी हात सोडला नाही कारण त्यांना तो सोडता येत नव्हता. एक काटा खांद्यात होता, एक मनगटाजवळ. तिथे वीज गेली की मूठ बंद होते आणि मी दाबत राहीन तोवर बंदच राहते. मीच ती बंद केली आणि मीच उघडा म्हणून ओरडत होते.” तिने डावा तळवा वर केला. त्यावर दांडीचा आडवा वळ उमटला होता, जांभळा. “आज सकाळी मी हे स्वतःला लावून बघितलं. मला सोड असा हुकूम होता. मी आयुष्यभर हुकूम पाळत आलेय, बाई. मला पाळायचा होता. नाही पाळता आला.”

“हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं? तुम्ही तर शिकवता,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

“मला वाटायचं, माहीत आहे.”

व्हर्लिनने खाली मान घातली होती. त्याचे खांदे हलत होते.

पोलिसाला विरोध केल्याचा आरोप न्यायाधीशबाईंनी तिथल्या तिथे काढून टाकला. सेविकेला लागलं त्याबद्दल त्याने आश्रमाच्या अंगणातला बर्फ उन्हाळ्यापर्यंत काढावा, असं सांगितलं. हे ऐकून सेविकाच पहिल्यांदा हसली. एप्रिल सरत आलेला, पुढे मे महिन्यात कसला बर्फ!

बाहेरच्या व्हरांड्यात दोघं समोरासमोर आली. मार्लिसने कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं पहिलं काढायच्या आत तोच बोलला.

“मी सांगत होतो तुला,” व्हर्लिन म्हणाला.

“मला शिव्या वाटल्या.”

“छे गं. शिव्या मी नॉर्वेजियनमध्ये देतो.” त्याने कोटाची बटणं लावली. मग थोडं थांबून, “रात्री झोप लागत नव्हती मला. वाटायचं, खरंच धरून बसलो होतो की काय मी? हात तर माझाच होता.”

मार्लिसने त्याचा मफलर नीट केला आणि तोही उभा राहिला, लहान मुलासारखा.

*

मार्लिसकडून शिकवणी काढून घेतली गेली. आर्डनने नजर चुकवत सांगितलं, वरून आलंय म्हणून. तिला शाळेसमोरचा रस्ता दिला, मुलांना पलीकडे सोडायचा. डोनटचं खोकं आलं की तिच्यासाठी एक राखून ठेवायची पद्धत होती, तीही कुणी न बोलता बंद पडली. ब्रोडी एकटा तिच्याशी नीट बोलायचा. आपलेच दात, आपलेच ओठ. ती कुणाला काही म्हणाली नाही, पण लागायचं ते लागलंच.

बंदी उठली त्या दिवशी व्हर्लिनने बस तिच्यासमोर थांबवली. “येतेस?” त्याने विचारलं. “एकट्याने जायला कसंतरी होतंय.”

उतारावरून वर जाताना त्याने कठड्याला हात लावला नाही. मार्लिसनेही नाही.

लव्हॉन खिडकीशी बसली होती, केस नीट विंचरलेली, पहिल्यापेक्षा बारीक झालेली. व्हर्लिन तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

तिने त्याच्याकडे गोड हसून पाहिलं. “कोण हो तुम्ही?”

मार्लिसने डोळे मिटून घेतले. एक हिवाळा. एवढाच काय तो वेळ लागला होता.

व्हर्लिनने खुर्ची जरा पुढे घेतली. “बसचा ड्रायव्हर,” तो म्हणाला.

“अगंबाई! उशीर झाला का मला?”

“नाही नाही. मी थांबलोय. तुझं होऊ दे सावकाश.”

“बरं झालं,” लव्हॉन म्हणाली. “थांबणारा माणूस बरा.” आणि तिने हात पुढे करून त्याचा डावा हात धरला, आपल्या मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

थोड्या वेळाने ती सेविका सुपाचा ट्रे घेऊन आली. अजून किंचित लंगडत होती. “लव्हॉन, जेवायची वेळ झाली. सोडा बघू त्यांचा हात.”

लव्हॉनने ऐकलं नाही. सेविका पुन्हा बोलायला गेली, तेवढ्यात तिचं लक्ष दारात उभ्या असलेल्या मार्लिसकडे गेलं. मार्लिसने मानेनेच नको म्हटलं. सेविकेने ट्रे टेबलावर ठेवला, त्यावर ताटली झाकली आणि ती आवाज न करता दुसऱ्या खोलीत निघून गेली. व्हर्लिन एका हाताने कानटोपीचे बंद सोडून ती काढायचा प्रयत्न करत होता. मार्लिस पुढे झाली आणि तिने ती काढून खुंटीला अडकवली.